ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आणि हॉस्पिटलच्या दारापर्यंत: मधल्या वेळात काय करायचं, काय टाळायचं

‘आधी गाडीत घाला, बाकीचं हॉस्पिटलवाले बघतील.’ ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्यांना हे वाक्य सतत ऐकावं लागतं. काही पेशंटच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर असतं, आणि काहींच्या बाबतीत तेच जिवावर बेततं. पोटात आतल्या आत रक्त वाहत असेल तर रस्त्यावर त्याचा इलाज कुणाकडेही नाही. त्या माणसाला ऑपरेशन थिएटर हवं, आणि जागेवर घालवलेलं प्रत्येक मिनिट त्याच्या वाट्याचं जातं. हृदय बंद पडलेल्या माणसाचं उलट आहे. त्याला छातीवर दाब आणि विजेचा शॉक लागतो. दोन्ही जागेवर देता येतात, आणि त्याला जिन्यावरून खाली आणताना नेमके तेच थांबतात. कुणावर जागेवरच उपचार करायचे आणि कुणाला घेऊन तडक निघायचं, या कामातला सगळ्यात अवघड निर्णय हाच असतो. तो चांगला व्हायचा असेल तर गाडी पोचायच्या आधी पेशंटजवळ असलेल्यांनी काय केलं, याला फार महत्त्व आहे. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

फोनवर

पहिलं वाक्य पत्त्याचं असावं. फोन मध्येच कट झाला तरी गाडी निघते, पण पत्ताच सांगायचा राहिला तर काहीच होत नाही. इमारतीचं नाव, मजला, जवळची ठळक खूण. हमरस्ता असेल तर कोणत्या दिशेची बाजू आणि जवळचा किलोमीटरचा दगड. मग आपला फोन नंबर. त्यानंतर तीन गोष्टी: काय झालं, माणूस हाकेला प्रतिसाद देतोय का, आणि श्वास नेहमीसारखा चालू आहे का.

फोन स्पीकरवर टाकून पेशंटच्या बाजूला ठेवा. पलीकडचा माणूस प्रश्न विचारतोय म्हणून गाडीला उशीर होतो, असा अनेकांचा समज असतो. बहुतेक यंत्रणांमध्ये गाडी तोवर निघालेली असते आणि प्रश्न चालू राहतात ते तुम्हाला पुढच्या सूचना देता याव्यात म्हणून. त्यामुळे समोरून सांगितल्याशिवाय फोन ठेवू नका.

दुसरं कुणी हाताशी असेल तर त्याला रस्त्यावर उभं करा. रात्री बाहेरचे सगळे दिवे लावा, दार उघडं ठेवा, लिफ्ट खाली अडवून ठेवा, पाळीव कुत्रा दुसऱ्या खोलीत बंद करा. स्ट्रेचरला वळायला जागा लागते, म्हणून खुर्च्या-टेबलं बाजूला सरकवा. रोजच्या गोळ्या पाकिटांसकट एका पिशवीत घाला. नावं आठवून सांगण्यात चुका होतात, पाकीट खोटं बोलत नाही.

पहिलं अर्धं मिनिट

पुढे जाण्याआधी जागा सुरक्षित आहे का ते बघा: विजेची तार, गॅसचा वास, चालू वाहतूक. मदतीला धावलेला माणूस पडला की येणाऱ्या गाडीवर दोन पेशंट होतात.

मग ठरलेला क्रम. रक्त भळाभळा वाहतंय किंवा उसळून येतंय का? असेल तर आधी ते थांबवा. नसेल तर खांद्यावर थोपटून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल तर कपाळावर हात ठेवून डोकं मागे करा, हनुवटी वर उचला आणि छातीकडे बघत जास्तीत जास्त दहा सेकंद श्वास तपासा.

इथे सर्वांत जास्त फसगत होते. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं बऱ्याच जणांना आचके येतात. तोंड उघडतं, घोरल्यासारखा आवाज येतो, मग मोठा खंड पडतो आणि पुन्हा एक आचका. आजूबाजूचे म्हणतात, ‘श्वास चालू आहे, थांबा.’ हा श्वास नव्हे. माणूस बेशुद्ध आहे आणि श्वास नियमित नाही, एवढं पुरेसं आहे. छातीवर दाब द्यायला लागा. नाडी शोधत बसू नका, सराव नसलेल्या हाताला ती नीट सापडत नाही. शंका असतानाही दाब द्यावा. हृदय चालू असलेल्या माणसाला अशा दाबाने गंभीर इजा क्वचितच होते, आणि तो सहसा हलून किंवा कण्हून तुम्हाला थांबवतो.

बेशुद्ध आहे पण श्वास नीट चालू आहे, अशा माणसाला एका कुशीवर वळवा. वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड किंचित खालच्या दिशेला ठेवा. उताणं ठेवलं तर जीभ मागे पडते आणि उलटी सरळ फुप्फुसात जाते. गरोदर बाई असेल तर डावी कूस.

हृदय बंद पडलेलं असताना

गादीवर दाब दिला तर तो गादीच खाते. पेशंटला जमिनीवर घ्या. तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवा, मात्र हाडाच्या अगदी खालच्या टोकावर नको. दुसरा हात त्याच्यावर, कोपरं सरळ, खांदे थेट हातांच्या वर. खोली 5 ते 6 सेंटिमीटर, वेग मिनिटाला 100 ते 120. म्हणजे तीस दाब 15 ते 18 सेकंदांत व्हायला हवेत. मोजून बघाल तर लक्षात येईल, बहुतेक जण सुरुवातीला याहून जोरात पळतात आणि मग उथळ पडत जातात.

प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. थकलेला माणूस नकळत छातीवर रेलून राहतो. मग हृदयात परत रक्त भरत नाही आणि पुढचा दाब रिकामा जातो. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला, ‘मला जमतंय’ म्हणत असला तरी. पुढचा माणूस गुडघे टेकून समोर तयार असावा, म्हणजे हात बदलायला पाच सेकंदांपेक्षा जास्त जात नाहीत. दाब थांबला की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांमधला दाब लगेच कोसळतो, आणि तो पुन्हा चढवायला बरेच दाब खर्च होतात.

प्रशिक्षण असेल तर तीस दाबांनंतर दोन श्वास. प्रत्येक श्वास एक सेकंदाचा, छाती उचललेली दिसेल इतकाच. प्रशिक्षण नसेल तर नुसते दाब सलग चालू ठेवा. मोठ्या माणसाचं हृदय अचानक बंद पडलं असेल तर रक्तात काही मिनिटं पुरेल इतका ऑक्सिजन असतो. बुडालेला माणूस आणि लहान मूल यांचं मात्र वेगळं. त्यांच्यात ऑक्सिजन संपल्यामुळे हृदय थांबलेलं असतं, त्यामुळे तोंडाने श्वास देणं तिथे फार गरजेचं. मुलांमध्ये दाबाची खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश.

बरगडी मोडल्याचा आवाज येऊ शकतो, आणि तो ऐकून लोक हात काढून घेतात. थांबू नका. बरगडी जुळते.

एईडी मशीन, म्हणजे कुणालाही वापरता येईल असं शॉकचं स्वयंचलित मशीन, मिळालं की लगेच चालू करा, पुढचं ते स्वतः बोलून सांगतं. छाती पुसून कोरडी करा, औषधाची पट्टी चिकटवलेली असेल तर काढा. एक पॅड छातीवर उजव्या कॉलरबोनखाली, दुसरं डाव्या काखेखाली बरगड्यांवर. पॅड लावताना दाब चालूच ठेवा. शॉक दिला की लगेच पुन्हा दाब सुरू. मशीन दोन मिनिटांनी स्वतः तपासतं. हृदयाची अनियमित थरथर असेल तर दाब न देता शॉकला होणाऱ्या उशिराच्या प्रत्येक मिनिटामागे वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. बेलफास्टमध्ये 1966 साली डॉक्टर फ्रँक पँट्रिज यांनी गाडीत बसवलेला डिफिब्रिलेटर, म्हणजे शॉक देणारं मशीन, थेट पेशंटकडे नेला, त्यामागे हाच हिशेब होता. शॉक हॉस्पिटलात असून उपयोग नाही, तो माणूस पडला तिथे पोचायला हवा.

ॲम्ब्युलन्सचे लोक आले आणि तिथेच जमिनीवर वीस-वीस मिनिटं काम करत राहिले, तर नातेवाईकांचा धीर सुटतो, आणि ते समजण्यासारखं आहे. पण धावत्या गाडीत दाब नीट पडत नाहीत, वळणावर हात घसरतो, जिन्यावर तर ते पूर्ण थांबतात. शॉक, श्वासाची नळी, ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हे सगळं त्यांच्या बॅगेत असतं. हृदय पुन्हा सुरू झालं की मग हलवणं, हाच अनेकदा खरा घाईचा मार्ग असतो.

रक्तस्राव: इथे मात्र निघायची घाई

जखमेवर स्वच्छ कापड ठेवून थेट, दोन्ही हातांनी, शरीराचं वजन टाकून दाबा. साध्या कापडाने निदान दहा मिनिटं, मध्ये उचलून न बघता. उचलून बघितलं की नुकती धरलेली गुठळी सुटते. कापड भिजलं तर वर दुसरं ठेवा; तरीही रक्त झिरपत राहिलं तर तुमचा दाब नेमक्या जागेवर नाही, जागा बदलून दाबा. जांघेत किंवा काखेत खोल जखम असेल तर कापड बोटाने आत तळापर्यंत ठासून भरा आणि वरून दाबा. छाती आणि पोटाच्या जखमेत असं काही भरायचं नाही. रुतलेली वस्तू उपसू नका, तिच्या दोन्ही बाजूंना घड्या रचून ती स्थिर करा.

हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर टूर्निके, म्हणजे आवळपट्टा. जखमेच्या 5 ते 7 सेंटिमीटर वर, सांध्यावर कधीच नाही. कामापुरता बनवायचा तर निदान चार सेंटिमीटर रुंद कापड, आणि पिळायला दांडी. दोरी किंवा तार मांस कापते. दांडी रक्त पूर्ण थांबेपर्यंत पिळा. ‘थोडा सैल ठेवू या’ ही दया घातक आहे: अर्धवट आवळलेल्या पट्ट्याने वरवरच्या शिरा बंद होतात, पण खोल धमनी चालूच राहते, त्यामुळे आत आलेलं रक्त परत जाऊ शकत नाही आणि जखमेतून वाहणं उलट वाढतं. खूप दुखेल, आणि तो व्यवस्थित बसल्यावर दुखणारच. लावल्याची वेळ कपाळावर किंवा पट्ट्यावर लिहा आणि डॉक्टरांशिवाय कुणीही तो सोडू नये.

तुटलेलं बोट ओलसर गॉजमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोटाला थेट बर्फ लागला तर पेशी मरतात.

रक्त गेलेल्या माणसाला थंडी मारते. भर उन्हाळ्यातही ओले कपडे काढा, खाली-वर पांघरूण घाला, गाडीतला एसी बंद करायला सांगा. शरीर गार पडलं की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि थांबलेला स्राव पुन्हा सुरू होतो. याकडे जवळपास सगळ्यांचं दुर्लक्ष होतं.

सलाईनबद्दलही एक गैरसमज आहे. बाटली लटकली की उपचार सुरू झाले असं वाटतं, म्हणून ‘सलाईन तरी लावा’ असा आग्रह होतो. सलाईन ऑक्सिजन वाहत नाही आणि गोठायला मदत करणारे घटक पातळ करते. भराभर दिल्याने रक्तदाब वाढून गुठळी उडू शकते. डोक्याला मार नसेल तर अनेक ठिकाणी मनगटाची नाडी लागेल इतपतच रक्तदाब राखतात आणि तेही वाटेत, गाडी न थांबवता. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे गुठळी टिकवून धरणारं औषध मात्र उपयोगी आहे: 1 ग्रॅम, दहा मिनिटांत शिरेतून, आणि मार लागल्यापासून तीन तासांच्या आत. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-2 या मोठ्या अभ्यासानंतर ते अनेक देशांत ॲम्ब्युलन्सवर आलं. तीन तास उलटल्यावर दिलं तर फायद्याऐवजी नुकसान होऊ शकतं, म्हणून अपघाताची वेळ नक्की सांगा.

छातीत दुखणं आणि पक्षाघात

छातीत दाबल्यासारखं, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारं दुखणं, सोबत घाम आणि मळमळ. अशा पेशंटला टेकून बसवा आणि एक पाऊलही चालू देऊ नका. ‘मी येतो चालत’ म्हणणारा पेशंट जिन्यात कोसळतो, कारण ऑक्सिजन कमी पडलेल्या हृदयाकडून आपण जास्त काम मागतो. ॲलर्जी नसेल आणि कुठून रक्त जात नसेल, तर फोनवरच्या माणसाला विचारून 300 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. गिळली तर परिणाम उशिरा होतो. जिभेखालची नायट्रेटची गोळी वरचा रक्तदाब 90 च्या खाली असताना द्यायची नाही, आणि पेशंटने लैंगिक ताठरतेसाठीच्या औषधांपैकी सिल्डेनाफिल 24 तासांत किंवा टाडालाफिल 48 तासांत घेतलं असेल तरीही नाही. हे विचारताना संकोच करू नये, आणि उत्तर देणाऱ्यानेही लपवू नये.

इथे ॲम्ब्युलन्सवाले ईसीजीसाठी काही मिनिटं थांबतील. पेशंटपर्यंत पोचल्यावर दहा मिनिटांत बारा लीडचा ईसीजी व्हावा असा प्रघात आहे. त्यावर कुठे जायचं ते ठरतं. हृदयाची मोठी रक्तवाहिनी बंद दिसली तर अँजिओप्लास्टीची सोय असलेलं हॉस्पिटल दहा मिनिटं लांब असलं तरी तेच बरं. ऑक्सिजन पातळी 90 टक्क्यांच्या वर असेल तर हार्ट ॲटॅकमध्ये मास्क लावत नाहीत. जास्तीच्या ऑक्सिजनचा फायदा होत नाही.

पक्षाघातात तीन खुणा: हसताना तोंड एका बाजूला ओढलं जाणं, दोन्ही हात पुढे धरल्यावर एक खाली येणं, बोलणं अडखळणं. चौथी गोष्ट वेळ. लक्षणं दिसली ती वेळ पुरत नाही. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ हवी. सकाळी उठताच लक्षणं दिसली असतील तर रात्री झोपायला गेला ती वेळ. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून सगळा निर्णय त्या एका आकड्यावर अडतो. जिला ती वेळ माहीत आहे त्या व्यक्तीचा फोन नंबर सोबत द्या. तोंडाने काही देऊ नका, पाणीही नाही. गिळण्याचे स्नायू लुळे असू शकतात. ॲस्पिरिनही नको: झटका गुठळीचा आहे की मेंदूत रक्त सांडल्याचा, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. रक्तातली साखर मात्र प्रत्येक वेळी तपासायला हवी, कारण ती घसरली तरी हुबेहूब अशीच लक्षणं दिसतात.

श्वास आणि ऑक्सिजन

धाप लागलेल्याला झोपवू नका. पाय खाली सोडून ताठ बसवा. दम्याचा पेशंट असेल तर साल्बुटामॉलचा पंप स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ नळी), एका वेळी एकच फवारा, असे चार ते दहा. घरघर थांबली आणि पेशंट शांत, सुस्त झाला तर बरं वाटतंय असं समजू नका. हवा आत-बाहेर होणंच कमी झालेलं असतं. सगळ्यात धोक्याची वेळ ती.

मास्कला पिशवी असेल तर आधी पिशवी पूर्ण फुगवा, मग मास्क लावा. प्रवाह मिनिटाला 10 ते 15 लिटर. श्वास घेताना पिशवी पूर्ण चपटी होत असेल तर प्रवाह वाढवा. जुनाट फुप्फुसविकार असलेल्यांना 88 ते 92 टक्के पातळी पुरते, इतरांना 94 ते 98. बोटावरचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र गार पडलेल्या बोटावर आणि नेलपॉलिशवर चुकतं. धुरात कोंडलेल्या माणसात तर ते धडधडीत फसवतं: कार्बन मोनॉक्साइड रक्ताला चिकटला तरी आकडा 98 दाखवू शकतो. तिथे आकड्याकडे न बघता ऑक्सिजन पूर्ण द्यायचा.

सिलिंडर किती वेळ पुरेल हा हिशेब निघण्याआधी करावाच, विशेषतः एका हॉस्पिटलातून दुसरीकडे नेताना. सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये त्याच्या खांद्यावर कोरलेली असते. गेजवर दिसणाऱ्या बारच्या (दाबाच्या) आकड्यातून राखीव म्हणून 20 वजा करा, उरलेल्याला क्षमतेने गुणा आणि प्रवाहाने भागा. क्षमता 10 लिटर, गेज 120 बार, प्रवाह 10 लिटर: 100 गुणिले 10 म्हणजे 1000 लिटर, म्हणजे 100 मिनिटं. त्याच गेजवर हातातला 2 लिटरचा सिलिंडर फक्त 20 मिनिटं चालतो. लिफ्टची वाट, वाहतूक कोंडी आणि हॉस्पिटलच्या दारातला खोळंबा धरून निदान दुप्पट वेळेचा साठा हवा.

इतर काही, थोडक्यात

आकडी: धरून ठेवू नका, दातांत काही घालू नका, डोक्याखाली मऊ काही सरकवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर औषधाशिवाय सहसा थांबत नाही. साखर 70 च्या खाली आणि पेशंट शुद्धीवर: 15 ग्रॅम साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्धाच्या तोंडात साखर, पाणी काहीही नाही. घशात अडकलं आणि खोकताही येत नसेल: पाठीवर पाच दणके, मग बेंबीच्या वर पोटावर पाच झटके, आलटून पालटून, एक वर्षाखालच्या बाळाला पोटाऐवजी छातीवर. भाजलं: वीस मिनिटं वाहतं गार पाणी, अंगठ्या-बांगड्या सूज यायच्या आत काढा, बर्फ आणि टूथपेस्ट नको.

उचलणं आणि नेणं

अपघातग्रस्ताला काखेत धरून ओढून गाडीत कोंबणं हे मदतीच्या भरात होणारं मोठं नुकसान. आग, पाणी, वाहतूक असा तातडीचा धोका नसेल तर तसाच राहू द्या. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरा. पण श्वास अडला असेल तर मानेपेक्षा श्वास आधी. हेल्मेटमुळे श्वासमार्ग मोकळा करता येत नसेल तर दोघांनी मिळून ते काढायचं: एकाने खालून मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्याने हेल्मेटच्या कडा फाकवून हळूहळू सरकवायचं.

कंबरेचं हाड मोडल्याची शंका असेल तर पट्टा मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून जो हाडाचा उंचवटा लागतो, त्या पातळीवर बांधतात. बेल्ट लावतो त्या उंचीवर बांधला तर तो हाडाला हवा तसा आवळत नाही.

गाडीत एकाच नातेवाईकाला, शक्यतो पुढे, सीटबेल्ट लावून बसवतात. मागे दुसऱ्या वाहनाने सिग्नल तोडत पाठलाग करू नका. सायरन तुमच्यासाठी रस्ता मोकळा करत नसतो. चालकाला ‘अजून जोरात’ म्हणू नका. मागे सुई लावणारा माणूस बऱ्याचदा उभा असतो, आणि एका जोरदार ब्रेकमध्ये सगळं निसटतं.

हॉस्पिटलच्या दारात

चांगली टीम वाटेतूनच हॉस्पिटलला फोन करते, म्हणजे सीटी स्कॅन, रक्त, डॉक्टर तयार राहतात. पोचल्यावरचा तोंडी अहवाल अर्ध्या-एक मिनिटात संपायला हवा: वय, घटनेची वेळ, काय झालं, कुठे इजा किंवा काय लक्षणं, नाडी-रक्तदाब-ऑक्सिजन-शुद्ध, दिलेले उपचार. तो चालू असताना इतरांनी बोलू नये, नातेवाईकांनीही.

तुमच्याजवळची माहिती एका कागदावर लिहून त्याच वेळी हातात द्या: शेवटचं ठणठणीत दिसल्याची वेळ, ॲस्पिरिन दिल्याची वेळ, आवळपट्टा लावल्याची वेळ, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिचं नाव आणि शेवटचा डोस, ॲलर्जी, शेवटचं खाणं. गोळ्यांची पिशवी स्ट्रेचरवर, पेशंटच्या पायाशी ठेवा. गाडीत राहिली तर ती पुढच्या कॉलला निघून जाते.